आधी चूल मांडा

"सर, एरर यायलाय."

"काय म्हणायलाय?"

"माहीत नाही सर. लाल अक्षरात कायतरी यायलंय."

नांदेड-लातूरकडच्या संगणक प्रयोगशाळेत मुलं पहिल्यांदा लिनक्ससमोर बसतात, तेव्हा हा संवाद ठरलेला असतो. प्रोग्राम साधाच असतो, दोन आकड्यांची बेरीज. विंडोजवरच्या निळ्या पडद्यावर तो काल बिनतक्रार चाललेला असतो. आज तोच लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरला दिला, तर पहिल्याच ओळीवर गाडी अडते: 'फेटल एरर: कोनिओ डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' मुलाला वाटतं, यंत्रात बिघाड आहे. यंत्र मात्र सरळ सांगत असतं, 'तू मागितलेली फाइल माझ्याकडे नाही.'

फाइल नाही, कारण ती मुळात सी भाषेची नव्हेच. बोर्लंड कंपनीनं १९८७ साली डॉसवर चालणारं टर्बो सी बाजारात आणलं. पडदा पुसायचं क्लियरस्क्रीन, कळ दाबेपर्यंत थांबायचं गेटसीएच, या सोयी कोनिओ डॉट एचमध्ये होत्या आणि त्या डॉसपुरत्याच होत्या. डॉस गेलं, पण टर्बो सी आपल्याकडच्या प्रयोगशाळांतून हललं नाही. पुढे ते चालवण्यासाठी विंडोजवर डॉसबॉक्स नावाचं खोटं डॉस उभं करायची वेळ आली, तरी प्रोग्राम चालवायच्या कंट्रोल-एफनाइनची सवय सुटली नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर भारतातल्या अभियंत्यांच्या कितीतरी तुकड्या वाढल्या. त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत लिनक्सवरच्या सीचं प्रकरण आलं, तरी मुलं निळ्या पडद्यातच रमली. पानं पुढे सरकली, प्रॅक्टिकलच्या वह्या मागे राहिल्या.

या मुलुखातलं तंत्रशिक्षण आणि ही साधनं साधारण एका वयाची आहेत. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला. लातूरचं बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. कुणीही वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी अशी पूर्ण युनिक्ससारखी प्रणाली बांधायची, हा त्याचा बेत होता. जीसीसी हा त्या बेतातला कंपायलर १९८७ साली बाहेर आला. म्हणजे टर्बो सी आणि जीसीसी एकाच वर्षाची भावंडं. एक डॉसबरोबर म्हातारं झालं. दुसरं आजही कामावर आहे.

(या प्रकरणातल्या कमांड प्रयोगशाळेत सर तोंडी सांगतात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

लातूरच्या गंजगोलाईत मधोमध उभं राहिलं की चहूकडे सोळा रस्ते फुटतात. सोन्याचांदीची दुकानं एका अंगाला, चपलांची दुसऱ्या, मिरची-गूळ तिसऱ्या. गावातल्या माणसाला पाटी वाचावी लागत नाही. कोणती वस्तू कोणत्या गल्लीत, हे त्याच्या पायांनाच ठाऊक असतं. युनिक्सची, आणि म्हणून लिनक्सची, रचना अशीच आहे. चालवायचे प्रोग्राम 'स्लॅश यूएसआर स्लॅश बिन'मध्ये, सीच्या हेडर फाइल 'इन्क्लूड'मध्ये, लायब्ररी 'लिब'मध्ये, सेटिंगं 'ईटीसी'मध्ये, सतत बदलणारी माहिती 'व्हार'मध्ये. विंडोजवर एका सॉफ्टवेअरचं सगळं सामान बहुधा एकाच खोलीत कोंबलेलं असतं. इथे तेच सामान जातीनिहाय गल्ल्यांत वाटलं जातं. म्हणूनच 'इन्स्टॉल झालं, पण गेलं कुठे?' हा विंडोजवरून आलेल्याचा पहिला प्रश्न असतो.

आता एखाद्याला बाजारात पाठवलं आणि बजावलं, की या चारच गल्ल्या बघ, पाचवीत शिरू नकोस. वस्तू पाचवीत असेल तर तो हात हलवत परत येणार. आपली कमांड वाचून चालवणारं शेल नेमकं हेच करतं. त्याच्याकडे 'पाथ' नावाची एक यादी असते. तीत जागांची नावं कोलन देऊन ओळीनं लिहिलेली असतात. कमांड दिली की शेल त्या जागा क्रमानं धुंडाळतं आणि नाही सापडलं तर म्हणतं, 'कमांड नॉट फाउंड'. याचा अर्थ वस्तू गावात नाही असा होत नाही. सांगितलेल्या गल्ल्यांत नाही, एवढाच होतो. जावा उतरवून घेतली, फोल्डर उलगडलं, तरी 'जावासी' सापडत नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं. घरच्या फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलच्या शेवटी त्या जागेचं नाव पाथमध्ये जोडायचं आणि टर्मिनल नव्यानं उघडायचं. नव्यानं उघडायचं, हे विसरून अर्धा तास डोकं फोडून घेतलेली माणसं प्रत्येक बॅचमध्ये निघतात.

याच यादीमुळे दुसरा एक गोंधळ होतो. प्रोग्राम कंपाइल झाला की 'ए डॉट आउट' नावाची फाइल तयार होते. हे नाव 'असेम्ब्लर आउटपुट'चं लघुरूप, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या पीडीपी यंत्रांवरून चालत आलेलं. मुलगा 'ए डॉट आउट' टाइप करतो, फाइल डोळ्यांसमोर असते आणि तरी उत्तर येतं, कमांड नॉट फाउंड. कारण आपण उभे आहोत ती जागा पाथमध्ये नसते. तिथलाच प्रोग्राम चालवायचा तर आधी 'डॉट स्लॅश' लावून तसं स्पष्ट सांगावं लागतं. हा नुसता हट्ट नाही. युनिक्स एका यंत्रावर अनेक माणसं बसतात असं धरून घडलं. चालू फोल्डर यादीत सगळ्यांत आधी असतं, तर एखाद्या खोडकर सहाध्याय्यानं सामायिक फोल्डरमध्ये 'एलएस' नावाचा स्वतःचा प्रोग्राम ठेवला असता आणि फाइलींची यादी मागणाऱ्यानं नकळत तोच चालवला असता.

तयार पॅकेजं मिळण्याआधी साधनं कच्च्या मालासकट घरी आणून शिजवावी लागत. गुंडाळी उलगडायची, मग तीन मंत्र: 'डॉट स्लॅश कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल'. यातलं कॉन्फिगर म्हणजे स्वयंपाकाआधी डबे उघडून पाहणारी सुगरण. 'चेकिंग फॉर जीसीसी... येस' अशा शेकडो ओळी पडद्यावरून सरसर जातात आणि एखाद्या डब्यात खडखडाट निघाला की काम तिथेच थांबतं. काय नाही, ते शेवटच्या दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं. नवशिके नेमक्या त्याच ओळी सोडून बाकी सगळं वाचतात.

मेकची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. बेल लॅब्समध्ये १९७६च्या सुमाराला स्टीव्ह जॉन्सन नावाचा नामांकित प्रोग्रामर चरफडत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत आला. अख्खी सकाळ त्यानं एक चूक शोधण्यात घालवली होती. चूक दुरुस्त केव्हाच झाली होती. बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. फेल्डमनवरही नुकताच असाच प्रसंग आला होता. त्यानं आठवडाअखेरीस एक साधन लिहिलं. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एका यादीत लिहून ठेवायचं, मग मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहतं आणि जुनं झालेलं तेवढंच नव्यानं बनवतं. यादीतल्या कमांडची ओळ मात्र टॅबनंच सुरू झाली पाहिजे, स्पेस चालत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमनच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर मित्र मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यानं तो तसाच राहू दिला. त्या डझनभरांच्या सोयीसाठी आज जगभरची मुलं 'मिसिंग सेपरेटर' हा एरर पाहतात.

मेक वेळ पाहून चालतं, आणि इथेच जुन्या प्रयोगशाळांतली खास आपली गंमत सुरू होते. दहा-बारा वर्षं वापरलेल्या पीसीच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली आणि आली, की यंत्र आपली तारीख विसरून काही वर्षं मागे जातं. मग मेक कुरकुरतं, 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', कारण त्याला उद्याच्या तारखेच्या फाइली दिसतात. पॅकेजांची यादी ताजी करायला गेलं तर पॅकेजं आणून देणारं ॲप्ट म्हणतं, ही यादी अजून वैधच झालेली नाही. ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर संशय घेतो, कारण त्याच्या लेखी समोरचं प्रमाणपत्र भविष्यातलं असतं. तीन वेगवेगळे एरर, तीन वेगळ्या साधनांचे. मुलं तीन दिवस नेटवर्क तपासतात, लिनक्स पुन्हा टाकतात, पुन्हा तेच. दुरुस्ती असते एक सेल आणि 'डेट' ही कमांड. यादी वैध झालेली नाही हे वाक्य शांतपणे वाचलं असतं, तर घड्याळाकडे लक्ष पहिल्याच दिवशी गेलं असतं.

कच्चा माल आणून शिजवण्यातली खरी डोकेदुखी म्हणजे एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. १९९३च्या ऑगस्टमध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं डेबियन हे लिनक्सचं वितरण सुरू केलं. मैत्रीण डेब्राचं आणि स्वतःचं नाव जोडून त्यानं हे नाव बनवलं. प्रत्येक पॅकेजवर त्याला आणखी काय लागतं ते नोंदलेलं असावं, ही डेबियनची शिस्त. त्या नोंदी वाचून सगळं गोतावळ्यासकट आणणारं ॲप्ट १९९९च्या मार्चमध्ये, डेबियनच्या २.१ आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आलं. २०२३ सालच्या डेबियन १२मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजं होती. सीचं घर थाटायला मात्र दोनच ओळी लागतात: 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. यातल्या बिल्ड-इसेन्शियलच्या पोटात स्वतःचं असं जवळजवळ काहीच नसतं. ती किराणा दुकानात द्यायची चिठ्ठी आहे. तिच्यावर जीसीसी, जी-प्लस-प्लस, मेक आणि सीच्या हेडर फाइली लिहिलेल्या असतात. पहिली ओळ गाळून थेट दुसरी दिली, तर ताज्या लिनक्सवर 'अनएबल टू लोकेट पॅकेज' असं ऐकावं लागतं. दुकानाचा भावफलकच आणलेला नसतो, तर माल सापडणार कसा?

मराठवाड्याला डेबियनचा दुसरा एक गुण जास्त भावायला हवा. भारनियमनाच्या काळात इन्स्टॉल निम्म्यावर असताना वीज जाणं हा अपवाद नव्हता. यूपीएसची बॅटरी नावालाच असायची. अशा वेळी डीपीकेजी, म्हणजे ॲप्टच्या खाली राबणारा खरा हमाल, प्रत्येक पॅकेज कुठवर आलं हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत टिपत जातो: हे उलगडलं, याची घडी बसवायची राहिली, हे पूर्ण झालं. वीज परत आली की ॲप्ट पुढचं काम घेत नाही. ते सांगतं, डीपीकेजीचं काम मधेच तुटलं आहे, 'सुडो डीपीकेजी डॅश-डॅश कॉन्फिगर डॅश ए' चालवा. म्हणजे काय करायचं ते शब्दशः लिहून देतं, फक्त उतरवून काढायचं बाकी ठेवतं. तरीही कित्येक प्रयोगशाळांत या संदेशावरचा उपाय 'फॉरमॅट मारा' हाच असतो.

जिओ येण्याआधी, म्हणजे २०१६च्या सप्टेंबरपूर्वी, महिन्याच्या एक जीबीच्या पॅकवर शंभर-दोनशे एमबी उतरवणं जिवावर येई. त्या काळात उबंटू या लिनक्सची शिपइट योजना होती. पत्ता कळवला की सीडीचं पाकीट टपालानं फुकट घरी येई. भारतातल्या लहान गावांत अनेकांची लिनक्सशी पहिली भेट अशी पोस्टमनच्या हातून झाली. २०११ साली ती योजना बंद झाली. डेबियनचे अख्खे डीव्हीडी संच मात्र मिळत राहिले. दुसरी युक्ती पेनड्राइव्हची. ॲप्ट-गेटनं उतरवलेली पॅकेजाची डेब फाइल काम झाल्यावरही 'व्हार'खालच्या 'कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज' या कोठारात पडून राहते. ती उचलून दुसऱ्या यंत्रावर नेली की पुन्हा डाउनलोड नको. इथे एक बारीक मेख आहे: नुसतं ॲप्ट वापरलं तर अलीकडच्या आवृत्त्या काम झाल्यावर ही फाइल पुसून टाकतात. कोठार भरायचं तर 'ॲप्ट-गेट'च लिहायचं.

तीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत तर तीसदा तोच माल बाहेरून आणणं हा शुद्ध वेडेपणा. एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवायचं आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता व ३१४२ हा पोर्ट द्यायचा. पहिल्यानं मागितलं की माल बाहेरून येतो, पुढच्या एकोणतीसांना तो खोलीतूनच मिळतो. ज्या लातूरनं २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी टाक्या-पिंपांत भरून ठेवलं, त्याला साठवणीचं मोल कुणी सांगावं लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र ते अनेकदा सुचत नाही.

कॉलेजच्या जाळ्यात प्रॉक्सी असली की ब्राउझर चालतो आणि ॲप्ट चालत नाही. ब्राउझरला प्रॉक्सी सांगितलेली असते, ॲप्टला कुणी सांगितलेलीच नसते. त्याची सेटिंग 'ईटीसी'मधल्या ॲप्टच्या फोल्डरात वेगळी, गिटची वेगळी, पायथनच्या पिपची वेगळी.

संदेश इंग्रजीत असतात म्हणून वाचले जात नाहीत, हे अर्धंच खरं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला 'नो सच फाइल' कळत नाही असं नाही. लाल रंग दिसला की आपण चुकलो, आता बोलणी बसणार, ही धास्ती आधी येते आणि शब्द मागे पडतात. या भीतीवर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानं चांगला उतारा काढला. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं, केंद्र सरकारच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. पडदा मूळचाच, आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर स्वतःचं टर्मिनल, तो करतो तसं आपण करायचं. उबंटूवर सिनॅप्टिकनं पॅकेजं बसवणं, जीसीसीवर पहिला सी प्रोग्राम, असे विषय मराठीत ऐकता येतात. त्यात जाणूनबुजून चूक करून एरर दाखवतात आणि मग तो सोडवतात. एवढ्या एका गोष्टीसाठी ते पाठ पाहावेत.

मग संदेशच मराठीत करावेत का? संदेशांची भाषा ठरवणाऱ्या 'लँग'चं मूल्य मराठी केलं तर बरीच साधनं निम्मी-अर्धी मराठी बोलू लागतात. पडद्यावर मराठी उमटण्यामागे पुण्याचाही हात आहे. तिथल्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले लोहित फाँट रेड हॅटनं २००४ साली खुल्या परवान्याखाली दिले आणि लिनक्सवर देवनागरीची सोय झाली. त्याआधी १९९२च्या सप्टेंबरात, युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सननं रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची रचना आखली. आज 'दऱ्या'तला अर्धा र बिनबोभाट साठवला जातो तो तिच्यामुळे. टर्मिनल मात्र अजून प्रत्येक अक्षराला सारख्या मापाची चौकट देऊ पाहतं आणि जोडाक्षरांची मोडतोड करतं. शिवाय मराठी एरर शोधयंत्रात टाकला तर कुणी त्यावर काही लिहिलेलं सापडत नाही. म्हणून मुरलेले लोकही अडचणीच्या वेळी कमांडच्या आधी 'लँग बरोबर सी' लिहून क्षणभर इंग्रजी मागून घेतात. शिकणं मराठीत, संदेश इंग्रजीत, हा सध्यापुरता समझोता व्यवहार्य आहे.

पायथन शिकणाऱ्यांना २०२३पासून नवाच दरवाजा बंद मिळतो. पिपनं काही बसवायला गेलं की डेबियन १२ सांगतं, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट', म्हणजे हे घर ॲप्टच्या ताब्यात आहे, इथे परस्पर सामान आणू नका. रागावण्यासारखं वाटतं, पण प्रणालीचे स्वतःचे प्रोग्रामही त्याच पायथनवर चालतात. पूर्वी 'सुडो पिप'नं त्यातलं काही बदललं की अचानक भलतंच काहीतरी बंद पडे. 'पायथन-थ्री डॅश एम व्हीएन्व्ही'नं प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र चूल मांडून दिली की कुणाचा रस्सा कुणाच्या पातेल्यात सांडत नाही. संदेशाच्या पुढच्याच ओळींत हा उपाय लिहिलेला असतो. तिथेच, खाली, ही मनाई मोडून पुढे जाण्याचा पर्यायही लिहिलेला असतो आणि घाईतली मुलं नेमका तोच उचलतात.

नांदेडहून सुटणारी पनवेल एक्स्प्रेस लातूर करत पुण्याला पोचते. तिच्यातून दर हंगामात पहिल्या नोकरीला निघालेली मुलं जातात. कंपनीत पहिल्या दिवशी लॅपटॉप हाती येतो आणि पहिलं काम असतं सेटअप. शहाणी मुलं आपली बॅशआरसी, गिटची सेटिंगं आणि ॲप्टच्या पॅकेजांची यादी एका फोल्डरात गिटखाली ठेवून बरोबर नेतात. नव्या यंत्रावर एक स्क्रिप्ट चालवली की तासाभरात ओळखीचं घर उभं राहतं. सर्व्हरवर शिरायची एसएसएचची खासगी किल्ली मात्र त्या फोल्डरात ठेवायची नसते. ती कुणी पेनड्राइव्हवरून आणली, तर यंत्र मोठ्या अक्षरांत खडसावतं, की ही किल्ली सगळ्यांना वाचता येते, मी वापरणार नाही. पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीचा असतो. त्यात युनिक्सच्या परवानग्यांची नोंदच होत नाही, त्यामुळे किल्ली घरी उतरताना सर्वांना खुली होऊनच उतरते. 'सीएचमॉड सहाशे' आणि किल्लीचं नाव, एवढं टाइप केलं की ती फक्त मालकाची होते आणि सर्व्हर आत घेतो.